गरम झाल्यावर जुनी डिझेल गाडी आपोआप रेस का घेते? पंप उतरवण्याआधी काय तपासायचं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समुद्रपूर तालुक्यातली 2004 सालची टर्बो डिझेल जीप, रोटरी पंप (इंजिनला डिझेल मोजून देणारा), सव्वातीन लाख किलोमीटर चाललेली. सकाळी थंड इंजिनावर स्लो, म्हणजे अ‍ॅक्सिलेटरला पाय न लावता असते ती रेस, बरोबर असतो. हिंगणघाटच्या जिनिंगला कापूस टाकून परत निघाल्यावर इंजिन चांगलं तापलं की अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला तरी रेस 1500 च्या आसपास अडकून राहते. परवा जामच्या चौकात गाडी न्यूट्रलला उभी असताना रेस आपोआप चढली आणि चावी बंद केल्यावर इंजिन लगेच थांबलं नाही, तीन-चार सेकंद घेतले. मिस्त्री म्हणतो पंप गेला, उतरवून नागपूरला पाठवू.

पंप आत्ताच उतरवू नका. आणि खालची तपासणी होईपर्यंत ही गाडी रस्त्यावर काढू नका, अगदी वावरापर्यंतसुद्धा नाही. दोन्हीचं कारण एकच आहे, ते तीन-चार सेकंद.

पेट्रोल इंजिनात हवेवर ताबा असतो. जुन्या डिझेल इंजिनात हवा मोकळी येते आणि रेस ठरते ती फक्त आत किती जळण गेलं त्यावर. म्हणून डिझेल गाडी आपोआप रेस घेत असेल तर विचारायचा प्रश्न एकच: जादा जळण कुठून येतंय? तीनच वाटा आहेत. एक, अ‍ॅक्सिलेटरची केबल किंवा लिव्हर अडकलाय आणि पंप बिचारा सांगितलं तेवढंच डिझेल देतोय. दोन, पंपाच्या आत गव्हर्नर (रेस पाहून डिझेल कमी-जास्त करणारा भाग) किंवा सेटिंग बिघडलंय. तीन, जळण पंपातून येतच नाही, इंजिन स्वतःचं मोबिल ऑईल हवेच्या वाटेने ओढून जाळतंय. पहिल्या दोन वाटांत चावी बंद केली की पंपावरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) डिझेल तोडतो आणि इंजिन साधारण एका सेकंदात मरतं. तिसऱ्या वाटेत चावीचा काही उपयोग नसतो, कारण ऑईलला चावी नाही. तुमची गाडी तीन-चार सेकंदांनी का होईना थांबली, म्हणजे ऑईल अजून थोडं जात असावं. ज्या दिवशी जास्त जाईल त्या दिवशी ती थांबणार नाही. रेस चढत जाईल, जितकी चढेल तितकं ऑईल जास्त ओढलं जाईल, आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईपर्यंत हे थांबत नाही.

दुसरी खूण तुम्ही स्वतःच दिलीय: थंडीत बरोबर, गरमीत चढते. घासलेला रोटरी पंप याच्या उलट वागतो. डिझेल तापून पातळ झालं की घासलेल्या पंपात ते आतल्या आत निसटतं, स्लो खाली येतो, आणि गरम इंजिन पुन्हा स्टार्ट व्हायला वेळ घेतं. गरम झाल्यावर रेस वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: तापून पातळ झालेलं मोबिल ऑईल टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) सीलमधून जास्त निसटतं, किंवा सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेलेल्या केबलचं कव्हर वितळून तार आत चिकटते. गव्हर्नर अडकणं कधीही होऊ शकतं, म्हणून पंप अगदी यादीबाहेर नाही, पण तो शेवटी.

आधी इंजिन बंद करायची सोय

चाचणीसाठी इंजिन चालू करण्याआधी ते हवा तोडून बंद करता येईल अशी तयारी ठेवा. साधारण 6 इंच बाय 6 इंचाची जाड फळी घ्या, तिच्या एका बाजूला ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर खिळ्यांनी ताणून मारा. खिळ्यांची डोकी कडेला राहू द्या, मधला भाग सपाट हवा. एअर फिल्टरच्या डब्यातून टर्बोकडे जाणारा होस फिल्टरच्या बाजूने सोडवा, म्हणजे पाइपाचं तोंड उघडं राहील. गरज पडली की रबराची बाजू या तोंडावर दाबायची. इंजिन दोन-तीन सेकंदांत गुदमरून थांबतं.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. ब्रीदरचा पाइप, म्हणजे चेंबरमधली (इंजिनच्या खालच्या ऑईलच्या भागातली) वाफ बाहेर काढणारा पाइप, बहुतेक गाड्यांत फिल्टर आणि टर्बोच्या मधे, याच होसला येऊन मिळतो. तुम्ही पुढचं तोंड बंद केलं तरी इंजिन ब्रीदरमधून चेंबरची हवा ओढतं, आणि ती हवा ऑईलच्या वाफेने भरलेली असते. म्हणून ब्रीदरचा पाइप आधी काढा, होसवरच्या त्याच्या नळीला लाकडी बूच किंवा रबरी टोपी लावून क्लिप आवळा. मोकळा झालेला ब्रीदर खाली एका बाटलीत सोडा. ही बाटली पुढे कामी येणार आहे.

हाताने किंवा फडक्याने तोंड कधीच बंद करू नका. टर्बो फडकं आत ओढतो, हातालाही सोडत नाही. शेतातलं पोतं तर नाहीच नाही. जवळ कार्बन डायऑक्साइडचा फायर सिलिंडर असेल तर त्याचा झोत पाइपात सोडूनही इंजिन थांबतं. इंजिन सुटलेलं, म्हणजे आवरेनासं होऊन रेस चढत असताना बोनेटसमोर फॅनच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला राहा.

आणि हे रस्त्यावर झालं तर: क्लच दाबू नका, न्यूट्रल करू नका. ओझं सुटलं की रेस झपकन वर जाते, जामला तेच झालं. गाडी गिअरमध्येच ठेवा, चावी पहिल्या खटक्यापर्यंतच मागे घ्या (पूर्ण काढली तर स्टेअरिंग लॉक होतं), आणि ब्रेक जोरात, एकाच दमात दाबून ठेवा. इंजिन फिरतंय तोवर व्हॅक्यूम पंप चालू असतो, त्यामुळे ब्रेकची ताकद जात नाही. उभ्या गाडीत इंजिन सुटलं तर टॉप गिअर टाका, फूटब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण लावा आणि क्लच झटक्यात सोडा. हळूहळू सोडला तर क्लच प्लेट जळेल आणि इंजिन तसंच चालत राहील. हे पहिल्या काही सेकंदांतच जमतं. एकदा रेस फार वर गेली की फळीशिवाय उपाय नाही.

रेस खरंच वाढते का

हे दोन मिनिटांचं काम आहे. या गाड्यांचा आरपीएम मीटर बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' टर्मिनलवरून चालतो. अल्टरनेटर बदलताना वेगळ्या पुलीचा किंवा वेगळ्या पोलचा बसवला असेल तर मीटर खोटं दाखवतो, इंजिन बरोबर असतं. तुम्ही कानाने रेस चढताना ऐकली आहे, त्यामुळे तुमच्याकडे हा प्रकार नाही. पण ज्यांची तक्रार फक्त काट्याची आहे त्यांनी क्रँक पुलीवर चमकती पट्टी लावून हातातल्या टॅकोमीटरने मोजून घ्यावं. जुन्या चार सिलिंडर डिझेलचा स्लो साधारण 700 ते 850 असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा धरून चाला.

चालत्या गाडीत रेस वाढते पण वेग वाढत नाही, चढावर जास्तच जाणवतं, असं असेल तर तो क्लच आहे. त्यासाठी पंपाला हात लावणं म्हणजे पोट दुखत असताना दात काढणं.

केबल आणि लिव्हर: बोटाची चाचणी

इंजिन गरम करा, रेस अडकू द्या. मग पंपावरच्या अ‍ॅक्सिलेटर लिव्हरला बोटाने मागे, म्हणजे स्लो स्क्रूच्या दिशेने ढकला. सगळ्या तपासणीत याच्याएवढं सांगून जाणारं दुसरं काही नाही. ढकलल्यावर लिव्हर हलला आणि रेस खाली आली तर दोष केबल, स्प्रिंग किंवा लिव्हरच्या शाफ्टचा. लिव्हर आधीच स्लो स्क्रूला टेकलेला आहे आणि तरी रेस वर आहे, तर केबल निर्दोष. पुढे जा.

लिव्हर हलत असेल तर केबल पंपाच्या बाजूने सोडा आणि लिव्हर हाताने पूर्ण उघडून सोडा. खटकन परत आला पाहिजे. संथ येत असेल तर शाफ्ट पाहा. रोटरी पंपाच्या वरच्या झाकणात या शाफ्टला बुश असते. ती घासली की डिझेल झिरपतं, त्यावर काळ्या मातीचा फुफाटा बसतो आणि शाफ्टभोवती पुट्टीसारखा लेप तयार होतो. डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने तो लेप काढा. रिटर्न स्प्रिंग बऱ्याच पंपांवर दोन असतात, एकात एक. आतली तुटली तरी बाहेरची दिसत राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बोटाने ताण घेऊन पाहा आणि दोन्हींची टोकं आपापल्या खाचेत आहेत का ते बघा. तारेची घरगुती स्प्रिंग लावू नका. लिव्हर परत आणेल, पण पायाला जड जाईल आणि केबल लवकर तुटेल.

लिव्हर झटकन येत असेल तर केबल. पेडलच्या बाजूने सोडून ती संपूर्ण बाहेर ओढा आणि तार अंगठ्याखालून सरकवा. एखादा धागा तुटून वर उभा राहिला असेल तर बोटाला टोचेल. तोच धागा कव्हरमध्ये अडकतो. उंदरांनी कव्हर कुरतडलं असेल, किंवा सायलेन्सरच्या बाजूने ते मऊ पडलं असेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता केबल बदला. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरू नका, फुफाटा त्याला धरून बसतो. नवी केबल बसवताना पेडल सुटलेलं असताना 2 ते 3 मिलिमीटर ढील ठेवा आणि पेडल पूर्ण दाबल्यावर लिव्हर मॅक्स स्क्रूला टेकतो का पाहा. पेडलखाली जाड चटई किंवा पोत्याचा तुकडा टाकलेला असेल तर तो काढायला सांगायला नको.

एसी असलेल्या गाडीत लिव्हरच्या शेजारी व्हॅक्यूमची छोटी डबी असते, ती एसी चालू झाला की स्लो शे-दोनशेने वाढवते. तिचा व्हॉल्व्ह अडकला की एसी बंद असतानाही स्लो वरच राहतो. डबीची नळी काढा, रेस खाली आली तर सापडलं. थंडीतल्या स्टार्टिंगसाठी स्लो वाढवणारी यंत्रणाही काही पंपांवर असते. ती बिघडली तर स्लो गरम झाल्यावरही उतरत नाही, पण मग सकाळपासूनच वर असतो. तुमच्या तक्रारीशी ते जुळत नाही.

ते तीन-चार सेकंद

आता मुख्य काम. इंजिन गरम, स्लोवर चालू, फळी हातात घेतलेला माणूस पाइपाच्या तोंडाजवळ. चावीने बंद न करता सोलेनॉइडची वायर थेट पंपावरून काढा आणि तिचं टोक बॉडीला लागू देऊ नका. याचं कारण असं की चावी बंद केल्यावरही अल्टरनेटर किंवा रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन फिरता फिरता थोडा करंट मागे पाठवू शकतो आणि सोलेनॉइड काही क्षण उघडा राहतो. वायर काढल्यावर इंजिन लगेच मेलं, पण चावीने उशिरा मरतं, तर दोष वायरिंगचा आहे. रेस वाढण्याशी त्याचा संबंध नाही, तो दोष वेगळा शोधायचा.

वायर काढल्यावरही इंजिन अडखळत, ठोके चुकवत हळूहळू मरतं, धूर फारसा नाही, तर सोलेनॉइडची सीट घाण आहे. सोलेनॉइड खोलून पाहा. आत स्प्रिंग आणि प्लंजर असतो. काही गाड्यांत वायरिंग बिघडलं म्हणून प्लंजरच काढून टाकलेला असतो आणि गाडी गिअरमध्ये घालून बंद करायची सवय लावलेली असते. तसं असेल तर आजच नवा प्लंजर टाका. वेळ आली तर डिझेल तोडायची तीच एक सोय आहे.

आणि वायर काढल्यावर रेस उतरतच नाही, किंवा मागे निळसर पांढरा दाट धूर निघतो, तर इंजिन ऑईलवर चालतंय. फळी दाबा, बंद करा, आणि पुढचं सापडेपर्यंत पुन्हा चालू करू नका.

ऑईल कुठून येतंय

गाडी सपाट जागी उभी करून दहा मिनिटांनी ऑईलची पट्टी पाहा. वरच्या खुणेच्या वर ऑईल असेल तर दोन शक्यता. एक, जास्त भरलंय. उतारावर उभ्या गाडीत मोजून भरलं की असं होतं, आणि खालच्या-वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत फक्त एक ते दीड लिटरचा फरक असतो. दुसरी शक्यता जास्त वाईट: डिझेल चेंबरमध्ये उतरतंय आणि पातळी वाढतेय. पट्टीचा थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाका आणि अर्धा तास ठेवा. मधे काळा ठिपका आणि त्याच्याभोवती पारदर्शक, पसरत जाणारं कडं दिसलं तर ऑईलमध्ये डिझेल आहे. बोटांत चोळल्यावर पाण्यासारखं पातळ लागेल, वासही येईल. ब्लॉकवर बसवलेला डायफ्रामचा फीड पंप असेल तर त्याचा डायफ्राम फाटला की असं होतं. पंप टायमिंग गिअरवर चालत असेल तर पंपाच्या पुढच्या शाफ्टचा ऑईल सील गळूनही डिझेल थेट चेंबरला जातं. पातळ ऑईल सीलमधून आणि ब्रीदरमधून जास्त वेगाने निघतं, शिवाय बेअरिंगं खातं. अशा ऑईलवर गाडी अजिबात चालवायची नाही.

पातळी ठीक असेल तर टर्बोचा इनलेट होस सोडा आणि आत टॉर्च मारा. आतून पातळ तेलकट थर असणं चालतं. होसच्या खोलगट भागात ऑईल साचलेलं असेल, किंवा टर्बोच्या पुढच्या, मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पाइपातून ऑईल टपकत असेल, तर चोर सापडला. टर्बोच्या आधीचा पाइप ओला आणि ऑईल ब्रीदरच्या नळीपासून सुरू होतंय तर ते ब्रीदरचं आहे. आधीचा कोरडा आणि पुढचा ओला तर टर्बोच्या सीलचं.

ब्रीदरची खात्री बाटलीने होते. ब्रीदर बाटलीत सोडून, फळीवाला माणूस तयार ठेवून, इंजिन अर्धा तास गरम चालवा. बाटलीत चमचाभर ओलावा जमला तर ठीक. बाटली भरायला लागली, किंवा स्लोवर ऑईल भरायचं झाकण काढून उलटं ठेवल्यावर ते नाचून खाली पडलं, तर रिंगा घासल्यात, कॉम्प्रेशन खाली येतंय. सव्वातीन लाखाला ते अशक्य नाही, आणि तेव्हा इंजिनचं काम काढावं लागेल. ब्रीदर सोडल्यावर गरम इंजिनाची रेस स्थिर झाली, तर ऑईल ब्रीदरमधून येत होतं याचा हाच पुरावा.

टर्बो तपासायचा तर इंजिन थंड असताना कॉम्प्रेसरच्या पंख्याचं टोक बोटांत धरा. आडवी, किंचित हालचाल नेहमीची आहे, कारण बेअरिंग ऑईलच्या थरावर तरंगतं. पण पंख्याची पाती घराला घासतायत, घासल्याच्या चमकदार खुणा दिसतायत, किंवा शाफ्ट पुढे-मागे ओढल्यावर जाणवेल इतका हलतोय, तर टर्बो गेला.

आता आपल्या भागातली खास गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या गाडीत आधी हीच पाहा. शाफ्ट चांगला असूनही टर्बो ऑईल सोडू शकतो, आणि त्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे तुंबलेला एअर फिल्टर. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आवारात हवेत तरंगणारे तंतू फिल्टरच्या घड्यांवर बसतात आणि त्यावर रस्त्याचा फुफाटा. दोन्ही मिळून नमद्यासारखा थर होतो. वरून फिल्टर फक्त मळलेला दिसतो, नखाने एक कोपरा उचलला की कापसाची पांढरी-करडी पापडी सोलून हातात येते. हवा येत नाही म्हणून टर्बोच्या तोंडाशी मोठी ओढ तयार होते आणि ती सीलमधून ऑईल खेचते, ब्रीदरमधूनही. जीप कापूस घेऊन रोज जिनिंगला जात असेल तर या काळात फिल्टर आठवड्याला काढून पाहा. हवेने झाडायचा तर आतून बाहेर, नळी लांब धरून, हलक्या प्रेशरने, म्हणजे 30 पीएसआयच्या आत. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नसतो. आत टॉर्च धरून बाहेरून उजेड सगळीकडे सारखा दिसला नाही तर नवा टाका. फिल्टर काढून गाडी चालवणं हा उपाय नाही. काळ्या मातीची धूळ टर्बोची पाती आणि रिंगा दोन्ही खाते.

दुसरं कारण टर्बोची रिटर्न नळी, म्हणजे टर्बोतून चेंबरला ऑईल परत नेणारी जाड नळी. तिच्यात ऑईल प्रेशरशिवाय, फक्त उताराने जातं. ती दबली, वाकली किंवा आत चिकट काजळी साचली की ऑईल टर्बोमध्येच चढतं आणि सीलमधून बाहेर पडतं. मागे कुणी टर्बोचं काम करताना पॅकिंगऐवजी सिलिकॉन पेस्ट लावली असेल, तर आत दाबली गेलेली पेस्ट सुकून नळीच्या तोंडाशी जिभेसारखी लोंबते. नळी काढा, आरपार उजेड दिसला पाहिजे. नवीन टर्बो टाकूनही तो महिन्याभरात ऑईल टाकायला लागला तर बहुतेक वेळा ही नळी, फिल्टर किंवा चेंबरचं प्रेशर तसंच राहिलेलं असतं.

अजून जुन्या, टर्बो नसलेल्या जिपांचा प्रश्न वेगळा. त्यांना ऑईल बाथ एअर क्लीनर असतो, खालच्या वाटीत ऑईल आणि वर जाळी. वाटीवर पातळीची रेघ असते. 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून रेघेच्या वर भरलं की इंजिन ते ऑईल सरळ पिऊन टाकतं आणि सुटतं. रेघेपर्यंतच भरा, आणि वाटीत खाली चिखल जमला की पूर्ण काढून धुवा, कारण चिखलानेही ऑईलची पातळी वर येते.

यातलं काहीच नसेल तर पंप

लिव्हर स्लो स्क्रूला टेकलेला, इनलेट कोरडा, सोलेनॉइडची वायर काढताच इंजिन मरतं, आणि तरी रेस वर. आता दोष पंपाच्या बाजूला आहे. तरीही आधी विचारा की गेल्या काही महिन्यांत कुणी 'पिकअप वाढवून' दिलाय का. रोटरी पंपाच्या मागच्या बाजूला फुल लोडचा स्क्रू असतो, कंपनीतून तो सील करून येतो. सील तुटलेलं असेल, नटावर पान्याच्या ताज्या खुणा असतील, तर समजा. हा स्क्रू आत फिरवला की डिझेल फक्त ओढताना वाढत नाही, स्लोलाही वाढतं. मग मिस्त्री स्लो स्क्रू मागे घेतो, तात्पुरतं जमतं. स्क्रू अति आत गेला की गव्हर्नरला डिझेल तोडायला जागाच उरत नाही आणि रेस खाली येत नाही. आधीच्या जागेची खूण करून पाव-पाव फेरा बाहेर घ्या, प्रत्येक वेळी लॉकनट आवळून रेस पाहा, आणि स्लो स्क्रू सगळ्यात शेवटी लावा. ओढताना काळा धूर कमी झाला तर दिशा बरोबर आहे.

पंप उघडून परत बसवलेला असेल तर लिव्हर शाफ्टच्या दातांवर एक दात पुढे बसलेला असू शकतो. लिव्हर स्क्रूला टेकतो, पण आत गव्हर्नरची स्प्रिंग ताणलेलीच राहते. पंप उघडणाऱ्याने शाफ्ट आणि लिव्हरवर पंचने खूण केली असती तर हे होत नाही.

रेस अडकत नाही, पण वर-खाली वर-खाली करते, तर ती बहुतेक एअर आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढीच्या पाइपात कुठेतरी हवा शिरते. पंपाच्या आधी एक फूटभर पारदर्शक पाइप लावा, बुडबुडे दिसतील. मग फिल्टरचं झाकण, हँड प्रायमर आणि बँजो बोल्टचे (आतून पोकळ, ज्यातून डिझेल जातं त्या बोल्टचे) तांब्याचे वायसर एकेक करून पाहा.

लाइन पंप असेल, म्हणजे पाइप वरून एका ओळीत निघत असतील, तर रॅक (किती डिझेल जायचं ते ठरवणारी आतली दांडी) अडकतो. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी, डिझेलमध्ये पाणी, आणि प्लंजर गंजून धरतो. कधी डिलिव्हरी व्हॉल्व्हचे होल्डर अंदाजाने अति आवळलेले असतात, त्याने बॅरल दबतं आणि रॅक जड होतो. ते टॉर्क रेंचने, त्या पंपाच्या आकड्यावरच आवळायचे. व्हॅक्यूम गव्हर्नरचा लाइन पंप असेल तर मागचा डायफ्राम तपासा: इंजिन बंद, स्टॉप लिव्हर पूर्ण ओढा, व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडावर बोट दाबून धरा, मग लिव्हर सोडा. डायफ्राम चांगला असेल तर रॅक जागेवर धरून राहतो आणि फार हळू सरकतो. लगेच परत आला तर डायफ्राम फाटलाय. तिथून मॅनिफोल्डपर्यंतची व्हॅक्यूम नळी फुटली तरी गव्हर्नरला वाटतं इंजिन हळू चालतंय, आणि तो पूर्ण डिझेल देतो. एक रबरी नळी आणि दोन क्लिपा, पण त्याने इंजिन सुटू शकतं.

कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटर डिझेल ठरवतो अशा नव्या गाड्यांना यातलं पंपाचं काही लागू होत नाही, ऑईलचं सगळं लागू होतं. त्यांच्यात स्लो वर राहिला तर आधी स्कॅनर लावून पेडल सेन्सर आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर पाहा. तो सेन्सर तुटला की इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर स्लो वाढवतो.

रोटरी पंपाचा गव्हर्नर आतून अडकला, स्प्रिंग तुटली किंवा गंज चढला, तर मात्र मिस्त्री म्हणतो तेच, पंप उतरवून टेस्ट बेंचवर. नागपूर, अमरावती, अकोल्याला ही कामं होतात. नेताना नोझलही सोबत द्या, नोझल खराब असेल तर चांगल्या पंपाचाही स्लो हलतो. पंप उतरवण्याआधी फ्लॅंजवर आणि ब्लॉकवर एका रेषेत छिन्नीची बारीक खूण करा, टायमिंगसाठी. चार पाइपांची तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिकने बांधा. वरचा 'आउट' लिहिलेला बँजो बोल्ट वेगळा ठेवा, त्याचं छिद्र बारीक असतं, तो 'इन'च्या जागी गेला तर पंपाला डिझेलच पुरणार नाही. आणि चिठ्ठीवर एवढंच लिहून द्या: थंडीत स्लो किती, गरम झाल्यावर किती, वायर काढल्यावर किती सेकंदांत बंद होते.

ऑईल जाळणं सापडलं असेल तर दुरुस्तीनंतर एक काम राहतं. इनलेट मॅनिफोल्ड, इंटरकूलर असेल तर तो, आणि मधले सगळे पाइप खोलून साचलेलं ऑईल ओतून काढा, डिझेलने धुवा, हवेने कोरडे करा. इंटरकूलरच्या तळाशी राहिलेलं ऑईल, टर्बो नवा असला तरी, पहिल्याच चढावर एकदम सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन पुन्हा सुटतं. पहिला स्टार्ट फळी हातात घेऊनच करा.